तीन मीटरच्या पुढचं तांबं : एईसी केबल कुणी वापरली आहे का?

सुरंगी | १२ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी वेर्ण्याला एका कंपनीची सर्व्हर रूम सांभाळते. जहाजाच्या बुडाभोवती पाणी कसं वाहतं याची गणितं आमच्या मशिनींवर चालतात. एक गणित तीन-तीन दिवस चालतं आणि तेवढा वेळ बाराही सर्व्हर एकमेकांशी सतत बोलत असतात. त्यातल्या एकाची लिंक दोन सेकंद जरी पडली तरी अख्खं गणित लटकतं, मग शेवटच्या जतन केलेल्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात.

मार्चमध्ये नवा ४००जी स्विच आला, म्हणजे दर पोर्टाला सेकंदाला ४०० गिगाबिट. सर्व्हरमध्ये २००जीची कार्डं आहेत, त्यामुळे स्विचच्या एका पोर्टातून दोन सर्व्हरना जाणाऱ्या दुशेपटी केबली लावल्या. पहिल्या रॅकमधले चार सर्व्हर दोन मीटरच्या डॅकवर आहेत, म्हणजे साध्या तांब्याच्या केबलीवर. त्यांचा काही त्रास नाही. दुसऱ्या रॅकमधले चार तीन मीटरच्या डॅकवर आहेत आणि तिथे आठवड्यातून एकदा तरी लिंक पडते. तिसरा रॅक मधल्या खांबामुळे एसीच्या पलीकडे गेलाय. वरच्या ट्रेमधून केबल नेऊन खाली उतरवली की साडेचार मीटर होतात. तिथे एओसी लावली होती, म्हणजे दोन्ही टोकांना लेझर असलेली फायबरची केबल. मे महिन्यात वीज गेली, जनरेटर लागला पण एसी पाऊण तास बंद राहिला, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत दोन टोकं मेली.

पुरवठादार म्हणतो, पाच मीटरची एईसी घ्या, ॲक्टिव्ह इलेक्ट्रिकल केबल. तांब्याचीच, पण दोन्ही टोकांत चिप. किंमत डॅकच्या वर, एओसीच्या खाली. मी आजवर हातात धरलेली नाही. गोव्यात कुणाकडे चालू आहे का? पैसे कंपनीचे असले तरी सही माझी आहे, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

फोंडेकर | १२ जून, रात्री १०.१५

तांब्याचा नाद सोडा. सगळीकडे सिंगल-मोड फायबर टाका, टोकांना सुटे ट्रान्सीव्हर, म्हणजे विजेच्या सिग्नलचा प्रकाश आणि प्रकाशाचा पुन्हा सिग्नल करणारे. उद्या ८००जी आलं तरी फायबर तीच राहील, फक्त टोकं बदलायची. वीस वर्षं नेटवर्क ओढतोय. तांब्याने दर पिढीत एकेक मीटर सोडलाय.

ऐरोलीचा_गोंयकार | १२ जून, रात्री ११.०२

सुरंगीताई, मी मूळचा डिचोलीचा, सध्या नवी मुंबईत डेटा सेंटरमध्ये आहे. आमच्याकडे एईसी पुष्कळ आहेत, सांगतो सगळं. पण त्याआधी आकडे हवेत. स्विचवर एफईसीचे, म्हणजे वाटेत चुकलेले बिट आपोआप दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेचे काउंटर बघा : सुधारलेले कोडवर्ड (बिटांचे गठ्ठे) किती, न सुधारता आलेले किती, आणि प्रत्येक लेनचा (केबलीतल्या एकेका स्वतंत्र वाटेचा) सुधारणेआधीचा बिट एरर रेट, म्हणजे चुकांचं प्रमाण, किती. सर्व्हरच्या बाजूने एथटूल या कमांडनेही मिळतील. दुसऱ्या रॅकचे चारही लिंक, आणि तुलनेला पहिल्या रॅकचा एक.

फोंडेकरांचं निरीक्षण खरं आहे, तांब्याची लांबी घटतेच आहे. लेनमागे २५जीच्या पिढीत इथरनेटच्या मानकाने पाच मीटर दिले होते (८०२.३बीजे, २०१४). लेनमागे ५०जी आलं तेव्हा तीन (८०२.३सीडी, २०१८). १००जीला दोन (८०२.३सीके, २०२२). २००जीचं उद्दिष्ट एका मीटरचं आहे. म्हणजे ताई, तुमची तीन मीटरची केबल नियमात बसते, पण अगदी काठावर.

कारण तारेतच आहे. वारंवारता वाढते तसा प्रवाह तारेच्या गाभ्यातून न जाता कातडीवरून जातो. तुमच्या लेनवर सेकंदाला २६.५६ अब्ज चिन्हं जातात, म्हणजे मूळ वारंवारता सुमारे १३ गिगाहर्ट्झ. तिथे तांब्याच्या पृष्ठभागाचा अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपासचा थरच खरं काम करतो. शिवाय तारेभोवतीचं प्लॅस्टिक थोडी ऊर्जा खातं, आणि तो वाटा वारंवारतेच्या सरळ प्रमाणात वाढतो. त्यात आता एका चिन्हात दोन बिट बसवतात. पूर्वी व्होल्टेजच्या दोन पातळ्या ओळखायच्या होत्या, आता चार. दोन पातळ्यांमधलं अंतर एक तृतीयांश झालं, म्हणून पूर्वी न जाणवणारा गोंगाट आता बाधतो.

सुरंगी | १३ जून, दुपारी १.२०

काउंटर काढले. पहिल्या रॅकमध्ये दहा कोटी बिटांमागे पाच-सहा चुका. दुसऱ्या रॅकमधल्या चारपैकी दोन लिंकवर एकेका लेनला दहा लाखांमागे ८० ते ९० चुका. न सुधारता आलेले कोडवर्ड त्याच दोन लिंकवर आहेत, बाकी सगळीकडे शून्य.

आणखी एक गोष्ट आज कळली. मी काउंटर बघत उभी असताना मदतनीसाने रॅकचं मागचं दार लावलं, आणि आकडा ८० वरून थेट ३०० वर गेला. दार केबलींच्या जुडग्याला दाबतं. तीन मीटरच्या डॅक इतक्या जाड आणि ताठ आहेत की त्या दारामागे मावतच नाहीत.

ऐरोलीचा_गोंयकार | १३ जून, दुपारी २.०५

सापडलं तुमचं दुखणं. या वेगाला जो एफईसी वापरतात तो ५,४४० बिटांचा एक गठ्ठा घेतो आणि त्यातली दहा-दहा बिटांची १५ चिन्हं चुकली तरी दुरुस्त करतो. सोळावं चुकलं की गठ्ठा गेला. एकट्या-दुकट्या चुका पडत असतील तर ढोबळ मर्यादा दहा लाखांमागे २४० चुकांची. तुम्ही ८० वर चालवताय, म्हणजे गाडी चालतेय पण ब्रेक घासलेले. दार लागलं की २४० ओलांडता.

आज रात्रीपुरता उपाय : त्या दोन केबली काढून मोठ्या वळणाने बसवा आणि दार उघडं ठेवा.

जाडीचंही तसंच आहे. तीन मीटर गाठायला डॅकमध्ये साधारण २६ गेजची तार घालावी लागते, व्यास ०.४ मिमी. ४००जीच्या केबलीत आठ लेन, प्रत्येक लेनला जायची एक आणि यायची एक अशा सोळा जोड्या, म्हणजे बत्तीस तारा, शिवाय प्रत्येक जोडीवर आवरण. एईसीत टोकाची चिप नुकसान भरून काढते, म्हणून ३० किंवा ३२ गेज चालतं. ३२ गेज म्हणजे ०.२ मिमी. व्यास निम्मा झाला की तांबं चौथाई होतं. मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडायला वाट मिळते, ते निराळंच.

पेडण्याचा_मास्तर | १३ जून, संध्याकाळी ७.३०

मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे क्षेत्र माझं नाही, पण धागा आवडीने वाचतोय. टोकातली चिप नक्की काय करते? सिग्नल मोठा करते, म्हणजे ॲम्प्लिफायरच ना?

ऐरोलीचा_गोंयकार | १३ जून, रात्री ९.१०

मास्तर, सगळा फरक इथेच आहे, म्हणून सावकाश लिहितो.

तुमच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा घ्या. त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, असं करत गेलं की अक्षरं फिकट होतात. एक उपाय म्हणजे मशीनची शाई वाढवायची. अक्षरं काळी होतात, पण त्याबरोबर कागदावरचे डाग आणि घड्याही काळ्या होतात. दुसरा उपाय म्हणजे कुणीतरी फिकट प्रत वाचायची आणि कोऱ्या कागदावर नव्याने टाइप करायची. डाग मागेच राहतात.

शाई वाढवणारी चिप म्हणजे रिड्रायव्हर. ती ज्या केबलीत असते तिला एसीसी म्हणतात, ॲक्टिव्ह कॉपर केबल. दाम कमी, वीज कमी, आणि थोड्या जादा लांबीला चांगली चालते. नव्याने टाइप करणारी चिप म्हणजे रिटायमर, आणि एईसीत असतो तो हा. तो आधी घासून गेलेला सिग्नल सारखा करतो, मग येणाऱ्या सिग्नलमधूनच घड्याळ शोधून काढतो, प्रत्येक चिन्ह चारपैकी कोणत्या पातळीचं याचा निर्णय घेतो आणि स्वतःच्या स्वच्छ घड्याळावर नवा सिग्नल सोडतो. दोन्ही टोकांना असा एकेक बसलेला असतो. त्यामुळे स्विचच्या चिपला फक्त केबलीच्या टोकापर्यंतचे काही सेंटिमीटर सांभाळावे लागतात, मधल्या पाच मीटरची जबाबदारी केबलीची.

टाइप करणाऱ्याने वाचतानाच चूक केली तर तीही सुवाच्य टाइप होते, हे मात्र लक्षात ठेवायचं. म्हणून एफईसी लागतोच.

खरेदी करताना दोन नावं सारखी वाटतात आणि कोटेशनमध्ये नुसतं 'ॲक्टिव्ह कॉपर' लिहिलेलं असतं. लेखी विचारा : रिटायमर आहे की रिड्रायव्हर?

जुना_जॉइंटर | १४ जून, सकाळी ६.५०

चिरंजीव, तुझं वाचून जुने दिवस आठवले. मी टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो, आयुष्य पणजी-म्हापसा-मडगाव करण्यात गेलं. आमच्या वेळी कागदाचं इन्सुलेशन असलेल्या शिशाच्या केबली होत्या. पावसात एक बारीक चीर पडली की पाणी आत जायचं आणि शंभर जोड्या मुक्या व्हायच्या. म्हणून एक्स्चेंजमधून केबलीत कोरडी हवा दाबाने भरून ठेवायची. दाब उतरला की समजायचं कुठेतरी गळतंय, मग भर पावसात चर खणत शोधायचं.

लांबच्या जोड्यांवर आवाज बसू नये म्हणून दर १.८३ किलोमीटरला लोडिंग कॉइल असायची, ८८ मिलिहेन्रीची. पुढे ३० चॅनलचं पीसीएम आलं, म्हणजे आवाजाचे बिट करून पाठवायची पद्धत, एका जोडीवर सेकंदाला २० लाखांहून जास्त बिट. त्याला कॉइल चालेना. ती काढून त्याच चेंबरमध्ये रिजनरेटिव्ह रिपीटर बसवले. तो रिपीटर नेमकं हेच करायचा : स्पंद ओळखायचा, वेळ नव्याने धरायचा, ताजा स्पंद पुढे सोडायचा. त्याला वीजसुद्धा त्याच जोडीवरून जायची. आमचा रिपीटर पावणेदोन किलोमीटरला लागायचा, तुमचा पाच मीटरला. काम एकच. हे कुणी लिहून ठेवलं पाहिजे म्हणून लिहिलं.

सुरंगी | १४ जून, सकाळी ९.१५

काका, तुमचं दोनदा वाचलं. देव बरें करूं.

शिकाऊ | १४ जून, रात्री ८.४५

मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक शंका. एनव्हिडियाच्या जीबी२०० एनव्हीएल७२ या एआयसाठीच्या रॅकमध्ये तर पाच हजारांहून जास्त तांब्याच्या केबली आहेत आणि त्या साध्या, चिप नसलेल्या. लेनचा वेग तिथे आणखी जास्त आहे. मग तिथे कसं चालतं?

ऐरोलीचा_गोंयकार | १४ जून, रात्री १०.२०

छान प्रश्न. तिथे चालतं कारण सगळं एका रॅकच्या आत आहे. स्विचचे ट्रे रॅकच्या मध्यभागी, जीपीयूचे (गणितं करणाऱ्या चिपांचे) त्यांच्या वर आणि खाली, मागे केबलींचा कणा. त्यामुळे एकेक तार मीटरभराच्या आसपासच राहते. २०२४ च्या मार्चमध्ये तो रॅक दाखवताना एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितलं होतं की हेच प्रकाशाने केलं असतं तर नुसत्या ट्रान्सीव्हर आणि रिटायमरना २० किलोवॉट लागले असते. अख्खा रॅक १२० किलोवॉटचा, त्यात हे वीस म्हणजे केवढे!

तेव्हा माझ्यापुरता हिशेब असा : रॅकच्या आत, पोचत असेल तिथे डॅक, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. शेजारच्या रॅकपासून सात मीटरपर्यंत एईसी. त्यापुढे फायबर, तिथे वादच नको.

फोंडेकर | १५ जून, सकाळी १०.००

सात मीटरच्या आतही माझे आक्षेप आहेत. एक, चिप आली म्हणजे फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) आलं आणि बिघडायला एक जागा वाढली. दोन, फायबरमध्ये टोक मेलं तर टोक बदलतो, इथे सबंध केबल ट्रेमधून ओढून काढायची. तीन, स्विचवाला आणि केबलवाला एकमेकांकडे बोट दाखवणार, मध्ये आपण. हे मी भोगलंय, एका ग्राहकाकडे सहा आठवडे. चार, रिटायमर वेळ खातो.

ऐरोलीचा_गोंयकार | १५ जून, दुपारी १२.४०

तिसरा आक्षेप शंभर टक्के मान्य. म्हणून स्विच आणि कार्ड दोन्हींच्या सुसंगत यादीत केबलीचा भाग क्रमांक आहे का ते बघायचं, आणि फर्मवेअर कसं चढवायचं तेही आधीच विचारायचं. दुसराही मान्य, ट्रे भरगच्च असेल तर फारच त्रास.

पहिल्याबद्दल असं म्हणेन की ट्रान्सीव्हरमध्येही चिप असतेच, वर लेझर असतो. लेझर उष्णतेने थकतो. ताईंचे दोन गेले ते एसी बंद पडल्यानंतरच. शिवाय फायबरचं टोक धुळीने आंधळं होतं. एईसीला वीज त्याच वेगाच्या एओसीच्या साधारण निम्मी लागते. बारा लिंकांना हा फरक किरकोळ, बारा हजारांना नाही.

वेळेचं म्हणाल तर पाच मीटर तारेलाच सुमारे २५ नॅनोसेकंद लागतात, रिटायमर त्यात भर घालतो. शेअर बाजारातल्या व्यवहारांसाठी लिंक असती तर मीच नको म्हटलं असतं. जहाजाच्या गणिताला लिंक पडण्याचा जाच त्यापेक्षा फार मोठा.

आणि लिंक पडण्याची किंमत मोठ्यांनाही चुकलेली नाही. मेटाने लामा ३ या एआय मॉडेलचं प्रशिक्षण १६,३८४ जीपीयूंवर केलं. त्याच्या ५४ दिवसांचा हिशेब त्यांनी २०२४ मध्ये छापला : ४१९ अनपेक्षित खोळंबे, त्यातले ३५ नेटवर्क स्विच आणि केबलींमुळे.

फोंडेकर | १५ जून, दुपारी १.१०

लेझर आणि उष्णतेचं पटलं. आपल्याकडे पावसात वीज जाणं चुकत नाही. ताई, घ्यायच्याच तर आधी दोनच मागवा. महिनाभर चालवा, मग बाकीच्या.

सुरंगी | २१ जुलै, रात्री ९.५५

फोंडेकरांचं ऐकून दोनच मागवल्या होत्या, पाच मीटरच्या, रिटायमर असल्याचं लेखी घेऊन. आज आल्या. हातात घेतल्या आणि बरं वाटलं, जुन्या तीन मीटरच्या डॅकपेक्षा बारीक आणि मऊ आहेत. तिसऱ्या रॅकला सहज उतरली.

पण लिंक येत नाही. स्विचला केबल दिसते, तापमान दिसतं (४६ अंश), क्रमांक दिसतो, लिंक खाली. चारही सर्व्हरना तेच. दोन तास गेले. उद्या परत पाठवू का?

ऐरोलीचा_गोंयकार | २१ जुलै, रात्री १०.१०

थांबा! पोर्टवर ऑटो-निगोशिएशन चालू आहे का? साध्या तांब्याच्या केबलीला ते लागतं. दोन टोकं आधी बोलतात आणि लिंक ट्रेनिंग करून तारेनुसार सिग्नल जुळवतात. एईसीत समोर रिटायमर असतो, पोर्टला ती ऑप्टिकल मॉड्यूलसारखी दिसते, आणि बहुतेक एईसींना हे बंद ठेवावं लागतं. आधी तिथे डॅक होती का?

सुरंगी | २१ जुलै, रात्री १०.३४

त्या पोर्टांवर एओसी मेल्यानंतर तपासायला आम्ही डॅक लावून पाहिली होती, तेव्हा चालू केलेलं तसंच राहिलं होतं. दोन्ही टोकांना बंद केलं, एफईसी हाताने ठरवून दिला. चारही लिंक आल्या!! दहा कोटींमागे एक-दोन चुका दाखवतंय. मी अजून ऑफिसातच आहे, घरी आई वाट बघतेय, पण हे आधी लिहायचं होतं.

फोंडेकर | २२ जुलै, सकाळी ८.३०

अभिनंदन. एक तपासा. तुमच्या केबलीतली चिप एफईसी स्वतः उघडून पुन्हा बांधते, की बिट नुसते पुढे पाठवते? नुसते पाठवत असेल तर स्विचवरचा आकडा सगळ्या वाटेचा आहे. उघडत असेल तर तो फक्त शेवटच्या काही सेंटिमीटरचा, आणि मधल्या पाच मीटरमध्ये काय चाललंय ते केबलीच्या आतल्या नोंदींतून वाचावं लागेल.

सुरंगी | २२ जुलै, दुपारी ३.००

पुरवठादाराला विचारलं. नुसते पुढे पाठवते, आकडा सगळ्या वाटेचा आहे. हा प्रश्न मला सुचला नसता, फोंडेकरबाब.

जुना_जॉइंटर | २२ जुलै, संध्याकाळी ६.१५

बाये, एक विसरू नको. खाऱ्या वाऱ्याने संपर्क खातात. सोन्याचा मुलामा असला तरी तो अगदी पातळ, खाली निकेल, त्याखाली तांबं. सारखं काढ-घाल केलं की मुलामा झिजतो आणि तिथून हिरवं चढायला लागतं. जे पोर्ट रिकामे आहेत त्यांना टोपण घाल. जादा केबली पिशवीत शोषक पुडीसकट ठेव.

सुरंगी | ३० ऑगस्ट, सकाळी ११.२०

चवथीची सुट्टी संपवून आज आले. सुट्टीत पाच दिवसांचं सलग गणित लावून गेले होते. घरी माटोळी बांधताना, आरतीच्या वेळी, सतत फोन बघत होते. मधे एकदा वीज गेली, एसी वीस मिनिटं बंद होता, केबलीची टोकं ६१ अंशांपर्यंत गेली. मर्यादा ७० आहे. तिसऱ्या रॅकची एकही लिंक पडली नाही, न सुधारता आलेले कोडवर्ड शून्य. गणित पूर्ण झालं.

दुसऱ्या रॅकसाठीही दोन मागवल्या, तीन मीटरच्या. पहिल्या रॅकच्या डॅक तशाच राहतील. एसी जनरेटरवर आपोआप यावा म्हणून अर्ज दिलाय, खरं तर ते आधी व्हायला हवं होतं.

शिकाऊ, काढलेल्या तीन मीटरच्या डॅकपैकी एक खराब निघाली आहे. कापून आतल्या सोळा जोड्या बघायच्या असतील तर ठेवते तुझ्यासाठी.

शिकाऊ | ३० ऑगस्ट, सकाळी ११.२६

हवी आहे ताई! शनिवारी येतो. पेडण्याच्या मास्तरांनाही अर्धी हवी असेल, शाळेत दाखवायला.